गावच्या नाल्यात मासे परत हवेत? आधी मे महिन्यातले डोह मोजा

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पांढरकवड्याच्या बाजूचं तुमचं गाव. लहानपणी गावचा नाला एप्रिलपर्यंत वाहायचा, आता जानेवारी संपता संपता धार तुटते आणि मासे जवळपास दिसेनासे झालेत. इंग्लंडमधली माणसं छोटे ओढे दुरुस्त करून त्यांत जंगली ट्राउट वाढवतात हे तुम्ही व्हिडिओत पाहिलं आणि विचारलंत की ट्राउटचं बीज आपल्याकडे आणून सोडता येईल का, आणि त्यासाठी फ्लाय-फिशिंगचं, म्हणजे पिसा-दोऱ्याच्या नकली किड्यानं (फ्लायनं) मासे धरायचं, कुठलं सामान घ्यावं. शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंत की पंचायतीनं नाला खोलीकरणाचा ठराव घेतलाय आणि उन्हाळ्यात पोकलेन येणार आहे. माझ्या मते खरा आणि तातडीचा प्रश्न तो शेवटचाच आहे. मी यवतमाळ-वर्धा भागातल्या नाल्यांवर गावकऱ्यांसोबत काम करतो आणि जमेल तेव्हा कुलूकडे तीर्थन नदीवर ट्राउटसाठी फ्लाय टाकायलाही जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो.

ट्राउटचं आधी उरकून टाकू. नको. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. ब्राउन ट्राउट मूळचा युरोपातला, रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचा. भारतात तो इंग्रजांनी आणला. काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांपासून त्याची सुरुवात झाली; पुढे हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा थंड डोंगराळ जागीच तो टिकला. पाणी २० अंशांच्या वर गेलं की ब्राउन ट्राउटला त्रास व्हायला लागतो आणि २५ च्या आसपास जिवावर बेततं. आपल्याकडे मे महिन्यात हवा ४५ अंशांवर जाते आणि उघड्या डबक्यातलं पाणी दुपारी ३० च्या पुढे सहज असतं. त्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या वर, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. तुम्ही सोडलेलं बीज होळीसुद्धा बघणार नाही. आणि समजा एखादा परका मासा जगलाच, तर ते जास्त वाईट. चिलापी या बाहेरून आलेल्या माशानं आपल्या तळ्यांत काय केलं ते कुठल्याही ढिवर (मासेमार) बांधवाला विचारा. बंदी असलेला परदेशी मांगूर अजूनही चोरून पाळला जातो आणि पुरात शेततळं फुटलं की थेट नाल्यात उतरतो. नाल्यात बाहेरून काहीही सोडायचं नाही, हे पक्कं धरा.

पण ट्राउटवाल्यांकडून एक गोष्ट जरूर घ्यावी, आणि ती म्हणजे त्यांची विचार करायची पद्धत. ओढ्यात मासे कमी झाले की ते मासे आणून ओतत नाहीत. माशाचं वर्ष घेऊन बसतात आणि त्यातली सगळ्यात अडचणीची वेळ कुठली ते शोधतात. ट्राउट थंडीत स्वच्छ खड्यांत खळगा करून अंडी घालतो. त्या खड्यांत गाळ बसला असेल तर अंडी गुदमरतात, म्हणून आधी गाळ येण्याची वाट बंद करायची. पिल्लांना लपायला जागा नसेल तर काठाचं पडलेलं झाड ओढ्यातच राहू द्यायचं. गुरांनी काठ तुडवला असेल तर कुंपण घालायचं. जिथं कोंडी आहे तिथंच हात घालायचा. ती कोंडी फुटली की मासे आपोआप वाढतात.

हाच प्रश्न आपल्या नाल्याला विचारा. आपल्या माशांची कोंडी कुठं होते? माझ्या पाहण्यात बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतं: एप्रिलचा मध्य ते पहिला पूर. पावसाळ्यात मासे नालाभर पसरतात, अगदी वावरांच्या धुऱ्यांपर्यंत चढतात. धार तुटली की उरतात ते डोह, आणि मे अखेरीस त्यांतलेही दोन-चारच. त्या दोन-चार डोहांत जे जगतं तेच पुढच्या वर्षीचं बियाणं. एखादा डोह मोटारीनं उपसला गेला, गाळानं भरला किंवा कोणी त्यात विष टाकलं, तर मैल-दोन मैलांचा तुकडा रिकामा होतो. मग तो भरायचा तर खालच्या नदीतून मासे वर चढून यायला हवेत, आणि त्यांची वाट मोकळी असायला हवी.

म्हणून पहिलं काम पैशाचं नाही, पायांचं आहे. एप्रिलच्या शेवटी नाला खालून वर चालत जा. सोबत गावातला जुना जाणता माणूस घ्या, ढिवर किंवा भोई समाजातला असेल तर फारच चांगलं, आणि ज्या बाया टोपली-पागानं झिंगे, खेकडे धरतात त्यांनाही घ्या. कोलाम, गोंड घरांतल्या बायांना नाल्यातला प्रत्येक दगड ठाऊक असतो आणि सर्वेक्षणात त्यांना कोणी विचारत नाही. त्या तुम्हाला डोहांची नावं सांगतील. प्रत्येक डोहाची लांबी, रुंदी आणि काठीनं मोजलेली खोली लिहा, सावली आहे का, मोटार बसली आहे का, तेही लिहा. तीच फेरी मे अखेरीस पुन्हा करा. दोन्ही वेळा पाणी असलेले डोह तुमच्या नाल्याचा जीव आहेत.

आता पोकलेन. इथं मी जरा सविस्तर लिहितो, कारण एकदा मशीन फिरली की मागं घेता येत नाही.

नाला वरवर बघितला तर लांबच लांब खड्डा वाटतो, पण त्याला घडण असते. डोह, मग खड्यांवरून खळखळणारं उथळ पाणी, मग पुन्हा डोह. निसर्गात हे साधारण पात्राच्या रुंदीच्या ५ ते ७ पट अंतरानं येत राहतं. वीस फूट रुंद नाला असेल तर शंभर-दीडशे फुटांवर पुढचा डोह. खळखळाटात पाण्यात हवा मिसळते, तिथल्या दगडांखाली किडे वाढतात, ते किडे मासे खातात. डोहात मासे लपतात आणि उन्हाळा काढतात. मशीननं तळ एका पातळीत आणला की दोन्ही गोष्टी जातात. राहतो तो सरळ चर, ज्यात पावसाळ्यात पाणी सुसाट धावतं आणि उन्हाळ्यात सगळीकडे सारखंच उथळ डबकं राहतं, तेही लवकर आटतं.

त्याहून मोठा धोका डोहाच्या खालच्या तोंडाशी असतो. आपला भाग काळ्या पाषाणाचा. लाव्ह्याचे थर एकावर एक, त्यात काही मऊ, काही टणक. टणक थर पात्रात आडवा येतो तिथं नैसर्गिक उंबरठा तयार होतो आणि त्याच्या वरच्या अंगाला डोह. तो उंबरठा म्हणजेच डोहाची भिंत. मशीनवाल्याला तो अडथळा दिसतो, ब्रेकर लावून तो फोडतो, आणि शेकडो वर्षं पाणी धरलेला डोह त्याच वर्षीच्या दिवाळीपर्यंत रिकामा होतो. शिवाय खालचा तळ खोल गेला की वरचे फाटे त्या पातळीला येण्यासाठी स्वतःला कापत मागं मागं सरकतात. बाजूच्या ओघळी वावरात शिरतात आणि चांगल्या काळ्या मातीचे काठ कोसळतात. काढलेला मुरूम-माती काठावरच ढीग करून ठेवली असेल तर पहिल्या मोठ्या पुरात ती पुन्हा नाल्यातच येते.

पण खोलीकरण म्हटलं की सरसकट नाही म्हणा, असंही माझं म्हणणं नाही. विहिरींना पाणी हवं आहे आणि ते मागणाऱ्या शेतकऱ्याची गरज खरी आहे. जुने डोह गाळानं भरले असतील तर गाळ जरूर काढा, मशीननं काढा. गाळ संपून जुना मुरूम किंवा दगड लागला की थांबा. उंबरठ्याच्या वरच्या अंगाला थोडी जागा तशीच सोडा आणि उंबरठ्याला हात लावू नका. काढलेला गाळ त्याच आठवड्यात बंडीनं, ट्रॅक्टरनं वावरात न्या. हलक्या जमिनीला तो सोन्यासारखा लागतो. पंचायतीला चार शब्दांत सांगायचं तर एवढंच: गाळ काढा, दगड फोडू नका. ठरावात हे वाक्य लिहून घ्या, आणि मशीन येण्याआधी प्रत्येक उंबरठ्यावर ऑइल पेंटनं खूण करा. मशीनचा ऑपरेटर ठराव वाचत नाही, रंग बघतो.

इथं परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगायला हवं. तुमची धार जानेवारीत का तुटते, हे नाल्यात उभं राहून कळत नाही. पावसाळ्यानंतर नाल्यात येणारं पाणी जमिनीतून झिरपून येतं. माथ्यावरचं जंगल शाबूत असेल आणि पाणी फक्त पात्रातल्या मोटारींनी कमी होत असेल, तर दोन-तीन वर्षांत फरक दिसू शकतो. पण आजूबाजूला बोअरवेल वाढून भूजलाची पातळीच नाल्याच्या तळाखाली गेली असेल, तर नाल्यात काहीही केलं तरी धार एप्रिलपर्यंत येणार नाही. तिथं पीकपद्धती आणि उपसा यांवर गावानं बसून बोलावं लागेल. जागेचाही फरक आहे. बुलडाणा-अकोल्याकडे वर्षाला साधारण ७०० ते ९०० मिमी पाऊस, तर गोंदिया-गडचिरोलीकडे १,२०० मिमीच्या वर, तिथला खडक वेगळा आणि मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातल्या) तलावांची साखळीही आहे. तिकडचा उपाय तुमच्याकडे जसाच्या तसा चालणार नाही. तुमच्या नाल्याच्या काठच्या पाच-सहा विहिरींची पाणीपातळी महिन्यातून एकदा दोरीनं मोजायला लागा. नाल्यातलं पाणी आटतं तेव्हा विहिरीची पातळी नाल्याच्या तळाच्या वर आहे की खाली, यावरून बरंच कळतं.

धार आली नाही तरी डोह वाचवता येतात, हे मात्र मी खात्रीनं सांगतो. जिथं जमलं तिथं ते मोटारवाल्यांशी बोलून जमलं. डोहातल्या खडकावर तळापासून तीन फुटांवर लाल रेघ मारायची. पाणी रेघेला टेकलं की मोटारी बंद. एका डोहावर बहुधा तीन-चार घरांच्याच मोटारी असतात. त्यांच्या घरी जाऊन, चहा पिऊन बोलायचं काम आहे. नोटीस लावून होत नाही. गुरांना पाणी लागतंच, हा मुद्दा कोणालाही पटतो, आणि गुरांसाठी राखलेलं पाणी माशांनाही पुरतं. गावात एखादा देवाचा डोह असेल, जिथं कोणी गळ टाकत नाही, तर तिथून सुरुवात करा. ती रीत लोकांच्या अंगात आधीच आहे.

दुसरी गोष्ट सावलीची. उघड्या आणि झाडाखालच्या डोहाच्या पाण्यात दुपारी काही अंशांचा फरक पडतो, साध्या थर्मामीटरनं मोजून बघा. काठाला अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर, पाण्यालगत वाळुंज आणि निर्गुडी. शिंदीची झाडं असतील तर तोडू देऊ नका, त्यांची मुळं काठ घट्ट धरतात. बेशरम आणि रायमुनिया (घाणेरी) ही माजलेली झुडपं काढायची असतील तर एकदम उपटू नका, काठ उघडा पडतो. तुकड्या-तुकड्यानं काढा आणि मागोमाग लावा. रोपांना पहिले दोन उन्हाळे गुरांपासून राखावं लागतं, रोहयोतून हे काम बसवता येतं. काठालगत पऱ्हाटी-सोयाबीनचं वावर असेल तर दहा-पंधरा फुटांची गवताची पट्टी मागा. काळी माती इतकी बारीक असते की एकदा पाण्यात गेली की खाली बसता बसत नाही, आणि बसली की खड्यांमधल्या सगळ्या फटी बुजवून टाकते.

तिसरी, वाट. जून-जुलैच्या पहिल्या पुरांत मासे अंडी घालायला वर चढतात, आपण ज्यांना चढणीचे मासे म्हणतो ते. सिमेंट नाला बांधाची उभी भिंत त्यांच्या आड येते. छोट्या माशांना वीतभर उडीसुद्धा जमत नाही. बांधाच्या खालच्या अंगाला मोठे दगड रचून उतार करा, एक फूट उंचीला निदान वीस फूट लांबीचा, आणि मधे दगडांआड विसाव्याच्या जागा ठेवा. कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा असेल तर बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) पहिल्या पुराआधी निघालेच पाहिजेत. गाळ साचू नये म्हणून हा नियम आहेच, माशांसाठीही तोच कामाला येतो. आणि चढणीच्या त्या आठ-दहा दिवसांत बांधाखाली जमलेले, पोटात गाभोळी असलेले मासे पोत्यानं धरणं गावानं थांबवलं पाहिजे. एक मादी मारली की हजारो अंडी जातात.

विषाबद्दल थोडं रोखठोक लिहितो. पूर्वी गेळफळ, हिंगणबेट कुटून डबक्यात टाकायचे. त्याचा असर थोड्या जागेत आणि थोडा वेळ. आता कीटकनाशक ओततात किंवा इन्व्हर्टरचा करंट सोडतात, आणि डोहातलं पिलूसुद्धा उरत नाही. नदी-नाल्यात विष किंवा स्फोटकं वापरून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. पण त्याहून रोजचं, कोणाच्या लक्षात न येणारं विष म्हणजे नाल्यावर धुतलेला फवारणी पंप. २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जे औषध माणसाला मारतं ते पाण्यातल्या किड्यांचं काय करत असेल! पायरेथ्रॉइड गटातली औषधं तर मासे आणि पाणकिडे यांना अगदी थोड्या प्रमाणातही घातक असतात. पंप वावरातच, नाल्यापासून लांब, पडीत जागेवर धुवायचा, एवढी एकच सवय बदलली तरी नाल्यात फरक पडतो.

सुधारणा होतेय की नाही हे कशावरून ओळखायचं? मरळ दिसली म्हणून खूश होऊ नका. मरळ वरची हवा घेते आणि चिखलातही तग धरते. नाला मरायला टेकला तरी ती असते. खळखळाटातला तळहाताएवढा दगड उचलून उलटा करा. त्याला वाळूचे कण चिकटवून केलेली किड्यांची इवलीशी घरं दिसली, तीन शेपट्यांचे चपटे किडे पळताना दिसले, तर पाणी चांगलं आहे. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर रात्रीत प्राणवायू संपतोय, म्हणजे डोहात कुजणारं फार आहे. आणि वाहत्या पाण्यात चंदेरी अंगावर निळसर उभे पट्टे असलेला, बोटा-दोन बोटांचा चपळ मासा पाण्यावर पडलेल्या किड्यावर झडप घालताना दिसला, तर समजा काम मार्गी लागलं. तो बॅरिलियस. त्याला वाहतं, हवेशीर पाणी लागतं, आणि फ्लाय टाकणाऱ्यासाठी आपल्या नाल्यातला ट्राउट तोच आहे. इंग्रज गळवाले त्याच्या कुळाला हिल ट्राउटच म्हणायचे.

त्याच्यासाठी महागडं सामान घेऊ नका. जपानमध्ये तेंकारा म्हणून रीत आहे: लांब लवचीक छडी, टोकाला बांधलेली दोरी, रीळ नाही. दहा-बारा फुटांचा हलका बांबू आणि छडीएवढीच दोरी घेतली की आपल्या नाल्यावर भागतं. सोळा नंबरचा किंवा त्याहून बारीक गळ, त्याचा काटा पकडीनं दाबून टाकलेला, त्यावर काळा दोरा आणि गावठी कोंबड्याच्या मानेचं एक पीस गुंडाळलं की झाली फ्लाय.  पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर, धार असताना टाका. ओल्या हातानं सोडवून पाण्यात ठेवा. धार तुटल्यावर डोहात गळ टाकू नका, तिथं मासा आधीच अडकलेला आहे. लालसर पिल्लांचा थवा घेऊन फिरणारी मरळीची जोडी दिसली तर तिलाही सोडा. ती पिल्लांच्या रागानं कशावरही तोंड टाकते, आणि ती गेली की थवा एका दिवसात संपतो. मात्र ज्यांच्या घरी नाल्याच्या माशावर कालवण होतं त्यांना धरून सोडायला सांगू नका. त्यांच्याशी बोलायचं ते डोह, चढण आणि विष या तीनच गोष्टींवर. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत गळ टाकायचा नाही, आणि तलाव सोसायटीच्या ठेक्यात असेल तर त्यांची परवानगी घ्यायची.

आता तुमच्या हातात वेळ कमी आहे, म्हणून मशीन येण्याआधी एवढं करा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, बहुतेक ठिकाणी कागदावर. तिची बैठक लावून डोहांची नावं आणि मापं नोंदवहीत चढवा. नाला वनहद्दीतून येत असेल आणि गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल, तर २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यातल्या माशांवरचा हक्कही येतो, तो ग्रामसभेत मांडा. मग सरपंच, ग्रामसेवक आणि काम बघणारे इंजिनिअर यांना घेऊन नाला एकदा चाला. कागदावरच्या रेघेपेक्षा भर उन्हात पाणी धरून बसलेला डोह त्यांना जास्त पटेल. उंबरठ्यांचे फोटो, शेजारी काठी उभी धरून, आणि डोहांची मापं मला पाठवा. कुठला गाळ काढायचा, कुठं हात लावायचा नाही आणि कुठल्या बांधाला दगडी उतार हवा, ते मी जागेवार सांगतो.